कंपनीचे कुलूप लागलेला जुना लॅपटॉप

कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून विकायला काढलेले लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुक हे बेताच्या पैशांत शिकणाऱ्या मुलांसाठी आजही सर्वांत चांगले लॅपटॉप आहेत, असे माझे ठाम मत आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे थिंकपॅड टी४८० किंवा लॅटिट्यूड ७४९० यांच्याहून जुने मॉडेल घेण्यात आता अर्थ उरलेला नाही. मात्र या लॅपटॉपवर आधीच्या मालकाचे कुलूप राहून गेलेले असू शकते, आणि ते कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखल्याशिवाय केलेली सगळी खटपट वाया जाते.

विंडोजच्या खात्याचा पासवर्ड हा त्यांतला सर्वांत किरकोळ अडथळा आहे. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केले की ट्रबलशूटमधून सर्व काही काढून टाकणारा रीसेट करता येतो. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या माहिती कूटबद्ध करणाऱ्या सोयीने, बंद असेल, तर तिच्यातील माहिती ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय वाचता येत नाही; पण ती माहिती आपली नाहीच, त्यामुळे ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून जुनी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, पुसून विंडोज नव्याने टाकावे. परवाना बहुधा मदरबोर्डवरच नोंदलेला असतो, तो आपोआप लागू होतो.

बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, सुपरवायझर पासवर्ड मात्र असा निघत नाही. थिंकपॅडमध्ये तो स्वतंत्र चिपमध्ये साठवलेला असल्याने मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढून ठेवण्याचा सर्वपरिचित उपाय चालत नाही, आणि तो विसरल्यास मदरबोर्ड बदलावा लागेल, असे लेनोवो स्वतःच सांगते.

भाचीसाठी घेतलेल्या टी४८० मध्ये मला याहून वेगळे कुलूप भेटले. रीसेट विनातक्रार पार पडला, भाषा आणि कीबोर्ड निवडून झाले, वायफाय जोडले, आणि पुढच्याच पडद्यावर एका अनोळखी कंपनीचे नाव, स्वागताचा मजकूर आणि त्या कंपनीचा ईमेल मागणारी चौकट उभी राहिली. हे मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटचे काम आहे. कंपनी लॅपटॉपच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवते, आणि विंडोजची मांडणी सुरू असताना इंटरनेट मिळताच ती ओळख तपासली जाते. नोंद यंत्रात नसून सर्व्हरवर असल्यामुळे विंडोज पुन्हा टाका किंवा डिस्क बदला, तोच पडदा परत येतो.

नेट न जोडता मांडणी उरकून घ्या, असे दुकानदाराचे म्हणणे होते. मला ते मान्य नव्हते, कारण त्याने नोंद पुसली जात नाही. पुढे परीक्षेच्या तोंडावर विंडोज बिघडून रीसेट करायची वेळ आली, तर त्या मुलीपुढे पुन्हा तीच चौकट येणार. शिवाय हे कुलूप मला चुकीचे वाटत नाही. चोरीला गेलेला लॅपटॉप निरुपयोगी व्हावा, यासाठीच ते असते, आणि कायदेशीर विकलेल्या लॅपटॉपवरून ते काढणे ही विकणाऱ्या कंपनीची जबाबदारी आहे.

म्हणून त्या कंपनीच्या आयटी विभागाला सिरीयल नंबर, पडद्याचा फोटो आणि बिलाची प्रत जोडून नोंद काढण्याची विनंती करणारा ईमेल पाठवला. लॅपटॉप खरोखरच विकलेला आहे याची त्यांनी त्यांच्या यादीत खात्री करून घेतली आणि इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या, कंपन्यांची यंत्रे सांभाळणाऱ्या सेवेतून तो सिरीयल नंबर काढून टाकला. त्यानंतर पुन्हा रीसेट केल्यावर नेहमीचा, कोणाचेही नाव नसलेला पडदा आला. लॅपटॉप विकलेलाच नाही, असे उत्तर त्यांच्याकडून आले असते, तर तो दुकानात परत करणे एवढाच प्रामाणिक मार्ग होता.

आता कोणी सल्ला विचारला, तर पैसे देण्यापूर्वी दुकानातच दोन गोष्टी करून घ्यायला मी सांगतो. लॅपटॉप सुरू होताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२ किंवा एचपीवर एफ१० दाबून पासवर्डाविना बायोस उघडतो का, ते पाहावे; मग पूर्ण रीसेट करवून, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून, मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पडद्यापर्यंत जावे. याला बराच वेळ लागतो आणि गर्दीच्या दिवशी दुकानदार कुरकुरतो, तरीही थांबावे, आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये.