अद्मि, अत्ति आणि अस्वल

बुधवार, रात्री दहा

रशियनच्या वहीत आज 'खाणे' पुन्हा लिहून काढलं. येम, येश, येस्त, येदीम, येदीते, येद्यात. हे अनियमित आहे, पाठच करा, असं शिकवताना सांगितलं होतं आणि मी पाठ केलंही. पण एकवचनात कुठेच नसलेला 'द' अनेकवचनात कुठून उगवतो, हे काही मनातून जात नव्हतं.

म्हणून आज थेट आदि-स्लाव्हिकपर्यंत, म्हणजे रशियन आणि तिच्या बहिणींच्या आईपर्यंत, मागे गेले. त्या भाषेतली लिहिलेली एक ओळही आपल्याकडे नाही. लेकी भाषांची रूपं शेजारी-शेजारी ठेवून तिचे शब्द सिद्ध करतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तारा काढतात. द्विवचन सोडलं तर वर्तमानकाळ असा:

*एमि, *एसी, *एस्ति. *एमु, *एस्ते, *एदेंति.

ऱ्हस्व इ-उ अगदी निसटते म्हणायचे. मूळ धातू 'एद्', आणि प्रत्यय मध्ये स्वर न घेता थेट त्याला चिकटतात. पुढे म् किंवा स् आला की द् गळतो, त् आला की द् चा स् होतो. 'ते खातात' या एकाच रूपात प्रत्यय स्वराने सुरू होतो, म्हणून तेवढ्या ठिकाणी द् वाचला. रशियनने पुढे त्याच्याच वळणावर 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांतही द् परत आणला. अनियमित कसलं, प्रत्येक अक्षराचा हिशेब लागतो!

आणि मग शाळेतलं संस्कृत आठवलं. अद्मि, अत्सि, अत्ति… अदन्ति. धातू तोच! दुसरा गण, अदादि, विकरणाशिवाय, म्हणजे धातू आणि प्रत्यय यांच्या मधल्या जोडाशिवाय, चालणारा. ज्या 'अद्'वरून त्या गणाला नाव मिळालं, तोच धातू हजारो मैलांवर तसाच विकरणाविना टिकून राहिला. आदि-स्लाव्हिकमध्ये अशी जुनी क्रियापदं मोजून पाच उरली होती: असणे, खाणे, जाणणे, देणे, जवळ असणे. रोज तोंडात असलेली, म्हणूनच न झिजलेली, असं मला वाटतं. आपल्या 'अ'च्या जागी तिकडे लांब स्वर का, याचं उत्तर भाषाशास्त्रज्ञ व्हेर्नर विंटर यांनी १९७८ साली दिलं: बाल्टिक-स्लाव्हिकमध्ये (स्लाव्हिक आणि लिथुआनियनसारख्या बाल्टिक भाषांच्या शाखेत) अशा द् च्या आधीचा स्वर लांबतो.

मराठीत 'अद्' क्रियापद म्हणून उरला नाही, आपण 'खाद्'वरून आलेलं 'खाणे' वापरतो. उरला तो अन्नात. अद् आणि न. द् इथेही पुढच्या न् मध्ये मिसळून गेला. रोज हा शब्द उच्चारते, पण आत बसलेलं क्रियापद आज पहिल्यांदा दिसलं.

सगळ्यात आवडलं ते अस्वल. रशियन 'मेद्वेद', म्हणजे मध खाणारा. मेदु (मध) आणि एद् जोडताना उ चा व् झाला. ऋग्वेदात पक्ष्यांसाठी 'मध्वद' आलंय, तिथेही मधु आणि अद्, तोच यण् संधी. अस्वलाचं खरं नाव रानात घेऊ नये, म्हणून हे आडवळणाचं नाव पडलं असं मानतात, आणि जुनं नाव त्या भाषांतून पुसलंच गेलं. कोकणातली आमची आजी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायची नाही. 'लांबडं' म्हणायची, तेही आवाज खाली आणून.