बोरघाटात तीन धुडांच्या मागे

शनिवारी सकाळी मामांना घेऊन पनवेलहून पुण्याला निघालो. खालापूर टोलनाक्यापर्यंत एक्सप्रेसवे मोकळा, लिहिण्यासारखं काही नाही. खरी मजा खोपोलीनंतर. तिथे एक्सप्रेसवेच्या 6 लेनना जुन्या हायवेच्या 4 लेन येऊन मिळत होत्या आणि हा सगळा लवाजमा 6 लेनमधूनच घाट चढत-उतरत होता.

आमच्यापुढे डाव्या लेनमध्ये स्टीलची कॉइल लादलेला ट्रेलर रांगत होता. कॉइल साखळदंडांनी आवळलेली, तरी प्रत्येक खड्ड्याला माझाच जीव वरखाली. मधल्या लेनमधून एक कंटेनर त्याला ओव्हरटेक करत होता, निदान तसा त्याचा विचार असावा. या दोघांचं काही जमेना म्हणून सिमेंटचा बल्कर, म्हणजे टाकीवाला ट्रक, सरळ उजव्या लेनमध्ये घुसला. अवजड गाड्यांना मनाई असलेली हीच ती लेन! संपला विषय.

मी हॉर्नवर हात ठेवला. मामांनी उमेदीची वर्षं वाशी मार्केटला कांद्याची गाडी नेण्यात घालवली आहेत.

"वाजवून काय होणार? चढाला एकदा वेग पडला की भरलेली गाडी लवकर उचलत नाही. तो मागे राहायचा नाही."

"मग पुढे तरी जा म्हणावं!"

"जातोय की."

जात होताच, पण कसा? एक 28 ने, दुसरा 30 ने. गाड्यांची लांबी आणि पुढे-मागे थोडी जागा धरून पन्नासेक मीटर जास्त काटायचे. ताशी 2 किलोमीटरच्या फरकाने त्याला दीड मिनिट लागतं, तोवर पाऊण किलोमीटर घाट संपतो. सपाटीला तर 80 वर वेगमर्यादा यंत्रं बसवलेले दोन ट्रक असे जुंपले, तर हाच खेळ दोन किलोमीटर चालतो. मामांचं म्हणणं मला पटतं, पण मधल्या लेनपुरतंच. उजवीकडे घुसणाऱ्याला दंडच हवा. आणि अशा वेळी दोन ट्रकच्या फटीतून डावीकडून सटकणाऱ्या कारवाल्यांना दुप्पट.

खंडाळ्याच्या वर बल्कर एकदाचा डावीकडे सरकला, अर्थात इंडिकेटर न देता. लोणावळा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, गाडीने वेग घेतला. कामशेतच्या बोगद्याअलीकडे उजव्या लेनमध्ये एक पांढरी कार साठने निवांत चाललेली, चालकाच्या कानाला मोबाईल.

मामा म्हणाले, "आता वाजव."