तुम्ही विचारलंत म्हणून: मला कुणी वाढवलं?

‘आई अशी, मग तुला कुणी वाढवलं?’ सोयरिकीच्या बैठकीत विचारलं, ऑफिसात डबा खातानाही विचारतात. ‘आईनं’ म्हटलं की समोरचा थांबून राहतो. खरं उत्तर अजून यायचंय, असं त्याला वाटतं.

आईला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. तिला वाचता येत नाही, सुट्ट्या पैशांचा हिशोब जमत नाही. बिड्या वळण्यात मात्र आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुणाही बाईला ती हार जायची नाही, मोजायच्या आजीनं. मी आजारी पडले की सकाळच्या औषधाच्या बाटलीला पिवळा दोरा, रात्रीच्या बाटलीला काळा. दोरा वडील मागावरून आणायचे, युक्ती आईची. तिनं कधी वेळ चुकवली नाही. शेजारच्या शिकलेल्या काकू चुकवायच्या, पण त्या नुसत्या विसरभोळ्या!

आजीचा हात होता, हो. सोलापुरात आईच्या नाहीतर सासूच्या हाताशिवाय किती जणी पोर वाढवतात? इतरांना ती मदत, आईच्या बाबतीत तोच पुरावा. शाळेतल्या बाई मला म्हणायच्या, ‘घरातलं शहाणं माणूस पाठव.’ दवाखान्यात आईला खुर्ची द्यायचे आणि बोलायचे आजीशी. मग आई गप्प बसायची, आणि ते गप्प बसणंही तिच्या मंदपणातच धरलं जायचं. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करायचे. बाप म्हणून ते काय करतात, हे कुणी तपासलं नाही.

‘तू एकटीच का गं?’ हा पुढचा प्रश्न. माझ्या जन्मानंतर लगेच आईची नसबंदी केली. अंगठा तिचाच, पण तो कशावर उठवला हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ठरवलं आजीनं, दवाखान्यानं मान डोलावली.

2009 मध्ये चंदीगडच्या एका बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीला मूल हवं होतं. तिच्या गर्भपाताचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं रोखला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं, की समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होणं बंद करणारा कुठलाही उपचार दिव्यांग व्यक्तीवर करता येणार नाही. मी ते आईला सोपं करून सांगितलं.

‘मग मला विचारायला पायजे होतं की,’ ती म्हणाली. आणि आजीवर राग धरू नको, असंही बजावलं.

मी धरते.