पाचच्या आत, संकेश्वर स्टँडवर

माझ्या धाकट्या बहिणीच्या कोर्टाच्या पिशवीत सगळ्यात जपून ठेवलेला कागद म्हणजे एका दवाखान्याचा केसपेपर. माझ्या भाचीच्या हनुवटीला तीन टाके पडले, त्या रात्रीचा. वेळ सव्वादहा, कारण 'मोटारसायकलवरून पडून'. गाडी तिचे पप्पा चालवत होते आणि ते प्यालेले होते. पोर टाकीवर बसली होती.

हा कागद लेकराच्या ताब्यासाठीच्या आमच्या पहिल्या अर्जात नव्हताच. त्यात नुसतं लिहिलं होतं, 'वडील बेजबाबदार व व्यसनी आहेत.' न्यायाधीश मॅडमनी मान वर करून कन्नडमध्ये विचारलं, "यावाग? एन आयितु?" कधी? काय झालं? धाकटीला कन्नड कळतं, पण त्या घडीला तोंडातून शब्द फुटेना. मी मागच्या बाकावर बसून रडकुंडीला आले होते. तारीख आम्हाला तोंडपाठ होती, कागद घरी कपाटात होता, आणि कोर्टापुढं काहीच नव्हतं.

घरात सगळे धीर देत होते. पाच वर्षांच्या आतलं लेकरू आईकडंच राहतं, कायदाच आहे म्हणे. खरं आहे, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये 'सामान्यतः' आईकडं असं म्हटलंय. पण ते झालं ताब्याचं. भेटीला नेलेलं लेकरू कुठल्या गाडीवर बसणार, रात्री कुणाजवळ झोपणार, हे त्या ओळीत कुठं येतंय? भावोजींच्या अर्जात तर दर शनिवारी मुक्कामाला पाठवा असं होतं. धाकटी रात्रभर एकच विचारायची, "आक्का, पिऊन गाडीवर बसवलं तर गे?"

मग आम्ही दोघी जेवणं उरकून दोन रात्री वही घेऊन बसलो. आठवेल ते प्रत्येक प्रकरण, तारीख, कोण हजर होतं, कुठला कागद आहे. 'व्यसनी' हा शब्द खोडला. त्या जागी केसपेपर आला, बालवाडीच्या बाईंचं निवेदन आलं. दुसरं अफिडेव्हिट, म्हणजे शपथेवरचं निवेदन, पहिल्या अर्जापेक्षा लहान झालं. वकिलांनी कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचं कलम २१ ही दाखवलं. भेट मुलाच्या हिताला घातक ठरेल असं वाटलं तर मॅजिस्ट्रेटनी ती नाकारायची, असं त्यात स्पष्ट आहे. धाकटीनं मात्र भेट बंद करा असं मागितलं नाही. पोरगी झोपेत पप्पांना हाक मारते, ते तिनं ऐकलंय. याबद्दल मला तिचा फार अभिमान वाटतो.

मधेच भावोजींकडून निरोप आला, केस महाराष्ट्रात नेऊ. त्यांचं गडहिंग्लज बेळगावातल्या आमच्या शहापुरातून दोनेक तासांवर. पण मध्ये राज्याची हद्द आहे, त्यामुळं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली तो अर्ज थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. शिवाय १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणं लेकरू नेहमी राहतं तिथलंच कोर्ट. ती बालवाडीला बेळगावातच जाते. पुढं तो विषय निघाला नाही.

अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश इंग्रजीत आला. मी वकिलांकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घेऊन वहीत उतरवली. पहिले तीन महिने कोर्टाच्या आवारातच दोन तास, समुपदेशक बाईंसमोर. नंतर एक आड एक रविवार, अकरा ते पाच. मुक्काम नाही. दुचाकीवर न्यायचं नाही, एसटी किंवा चारचाकी. दिवसभर वडिलांची आई सोबत हवी. लेकराचं देणं-घेणं वाटेतल्या संकेश्वर स्टँडवर. एरवी व्हिडिओ कॉल. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलंय की ताबा नसलेल्या पालकालाही रोज पाच-दहा मिनिटं लेकराशी बोलता आलं पाहिजे. आमच्याकडं रोज सातला फोन लागतो, जेवणाआधी.

मुक्काम नाही या ओळीवर भावोजी कोर्टातच रडले. मला वाईट वाटलं. तरी ती ओळ तिथं हवीच होती. त्यांनी दारू सोडली, तसे कागद दाखवले, तर ती बदलू शकते. अंतरिम आदेश असतो तो त्यासाठीच.

परवाच्या रविवारी मीही संकेश्वरला गेले होते. सकाळी भाचीनं गडहिंग्लजच्या आज्जीसाठी कुंद्याचा डबा छातीशी धरून नेला. पावणेपाचला गडहिंग्लजची एसटी लागली. आधी आज्जी उतरल्या, मग पप्पांचं बोट धरून ती. भावोजींनी तिची चप्पल नीट केली, माझ्याकडं बघून "येतो आक्का" म्हणाले. परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली. धाकटीनं तिच्या हनुवटीवरून बोट फिरवलं आणि वहीत लिहिलं, 'चार पंचेचाळीस. एसटी. आज्जी सोबत.'