कुत्र्याची शी आजच्या आज का उचलायची

कुत्र्याच्या शीची किळस ती ताजी असताना येते. पावसात ती विरघळून गेली की आपण विसरतो, आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो.

शीतून पडणारी अंकुशकृमीची (हुकवर्म, कुत्र्याच्या आतड्यातला जंत) अंडी ताजी असताना आपल्याला बाधत नाहीत. एक-दोन दिवसांत ती फुटतात आणि पाच ते दहा दिवसांत अळी कातडीत शिरण्याइतकी तयार होते. गोव्यातली दमट हवा, रेताड भाट (माडांची बाग) आणि माडांची सावली तिला अगदी मानवते. किनाऱ्यावरही भरतीचे पाणी पोचत नाही ती सावलीतली रेतीच वाईट. तिथे अनवाणी बसू नये. अळी शिरली की पायावर नागमोडी लाल रेघ उमटते, रोज थोडी पुढे सरकते आणि रात्री झोपू देत नाही. रेघेच्या टोकाला चटका देऊन उपयोग नसतो, कारण अळी त्याच्याही पुढे गेलेली असते. डॉक्टर आयव्हरमेक्टिन किंवा अल्बेन्डाझोल देतात.

गोलकृमी हा दुसरा जंत. त्याची अंडी तयार व्हायला दोन-तीन आठवडे घेतात, पण मग मातीत वर्षानुवर्षे टिकतात. फिनेलने ती मरत नाहीत. फरशीवर उकळते पाणी ओतता येते, अंगणातल्या मातीचे काय करणार? म्हणून शी त्याच दिवशी, खालच्या बोटभर रेतीसकट उचलावी. पाइपने धुतली तर अंडी थेट भाजीच्या वाफ्यात जातात. माडाच्या आळ्यात टाकू नये. विहिरीपासून लांब, हातभर खोल पुरावी.

सर्वांत जास्त अंडी पिल्ले टाकतात, आणि मुलेही त्यांनाच कुशीत घेतात. आईला जंतांचे औषध दिले तरी तिच्या अंगात दडलेल्या अळ्या पोटातल्या पिल्लांत उतरतातच. त्यामुळे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात पिल्लांना औषध हवे, सोबत आईलाही. पिल्लू दर वेळी वजन करूनच. अंदाजाने दिलेला डोस अनेकदा कमी पडतो.

मांजरीचे वेगळे. तिच्या शीतून पडणारा टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी एक ते पाच दिवसांत बाधण्याइतका तयार होतो. तिची शी करायची रेती रोज बदलावी, पण गरोदर बाईने नव्हे. बांधकामाच्या रेतीत मांजरी शी करतात, म्हणून तिच्यावर ताडपत्री घालावी.

या सगळ्याला एकच अपवाद. कच्ची कलेजी, फुफ्फुस खाणाऱ्या कुत्र्यातल्या हायडॅटिड फीतकृमीची अंडी बाहेर पडतात तीच रोग घेऊन. केसांना चिकटलेली असतात, हात फिरवला की आपल्या तोंडापर्यंत येतात. नेहमीच्या गोलकृमीच्या सिरपने हा कृमी जात नाही, प्राझिक्वान्टेलच लागते. आणि बकरा कापल्यावर उरलेले कुत्र्याला घालायचेच असेल, तर आधी नीट उकळून.