आधी वेळ ठरवा, सेट मग घ्या

जगभर वीज, मोबाइल, इंटरनेट सगळंच महिनोनमहिने बंद पडलं, तर तग धरून राहिलेल्या वस्त्या एकमेकींशी बोलणार कशा? आम्हा हॅम मंडळींत, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्यांत, हा विषय निघाला की गाडी लगेच रेडिओ सेटवर जाते. किती वॅटचा, कुठल्या कंपनीचा. माझं म्हणणं, आधी वेळ आणि फ्रिक्वेन्सी ठरवा.

मी कराडला, मित्र चिपळूणला, मध्ये सह्याद्री. हँडसेटच्या व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात, डोंगरापलीकडे पोचत नाहीत, म्हणून आम्ही 40 मीटर बँडवर, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. अँटेना म्हणजे मधोमध कोॲक्स (सेटकडे जाणारी केबल) जोडलेली तांब्याची तार, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. ती मुद्दाम खाली, हात वर करून जेमतेम लागणार नाही इतक्याच उंचीवर बांधलीय. त्यामुळे लहरी सरळ वर जातात, आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येतात आणि घाट आडवा येतच नाही. रात्री 7 मेगाहर्ट्झवर जवळचं स्टेशन हरवतं, तेव्हा 80 मीटर बँडवर जायचं. 12 व्होल्टची बॅटरी आणि एक सोलर पॅनल, एवढ्यावर भागतं. मात्र 100 वॅटवर बोलताना सेट 20 अँपिअरच्या आसपास खेचतो, नुसतं ऐकताना एखाद-दोन. अशा दिवसांत अष्टौप्रहर सेट चालू ठेवणं परवडणारच नाही. म्हणून तर वेळ ठरलेली हवी. घड्याळं पुढेमागे होतील, तेव्हा दहा मिनिटं आधीच ऐकायला बसायचं.

26 डिसेंबर 2004 ला भारती प्रसाद या हॅम पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानातून हॅम प्रसारण दुर्मीळ, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीपासून जगभरचे हॅम त्यांचा आवाज शोधत होते. त्सुनामीने फोन तोडले आणि त्याच सेटवरून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. पलीकडे कान लावून बसलेली माणसं आधीपासून होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

निरोप मात्र आखीव हवा. क्रमांक, कोणाकडून, कोणाला, शब्द किती. घेणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा, आकडे एकेक करून. औषधाच्या मात्रेत ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ची गल्लत झाली तर जीव जाईल. थेट ऐकू येत नसेल तर मधल्या तिसऱ्या स्टेशनने शब्दही न बदलता पुढे द्यायचा.

हॅमच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक भाषा) लागत नाही, तरी शिकाच. आवाज खरखरीत बुडतो तिथेही पाच वॅटचा मोर्स ऐकू येतो, आणि बॅटरी टिकते.