नायगारा ‘गोठला’ म्हणजे नेमकं काय गोठलं?

दर जानेवारीत व्हॉट्सॲपवर तोच फोटो फिरतो: नायगारा गोठला! फोटो बहुतेक वेळा खराच असतो, पण त्यात धबधबा गोठलेला नसतो.

आधी हिशोब. १९५० च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार हिवाळ्यातही कड्यावरून सेकंदाला किमान सुमारे १,४०० घनमीटर पाणी सोडावंच लागतं. शून्य अंशावरच्या किलोभर पाण्याचा बर्फ करायचा तर ३३४ किलोजूल उष्णता काढावी लागते. गुणाकार करा: जवळपास ४.७ लाख मेगावॉट. २०२५ च्या मध्याला भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून साधारण एवढीच क्षमता होती. आणि हे क्षणभर नाही, अखंड. उणे वीसची हवा कुठे पुरणार?

मग पांढरं दिसतं ते तुषारांचं काम. कठडे, झाडं, खडक यांवर ते थरावर थर गोठतात. अमेरिकेच्या बाजूच्या धबधब्यावरून एकूण पाण्यातलं जेमतेम दहा टक्के जातं, त्यामुळे बर्फाचे पडदे तिथेच जास्त. पाणी त्यांच्या मागून पडतच असतं.

खळाळत्या पाण्यावर तळ्यासारखी साय धरत नाही. पाणी शून्याच्या किंचित खाली, अंशाच्या काही शतांश भागांइतकं, उतरतं आणि आतल्या आत बारीक चकत्या तयार होतात. याला फ्राझिल म्हणतात. दिसायला गोळेवाल्याच्या किसलेल्या बर्फासारखा. जलविद्युत केंद्रांच्या जाळ्यांना तो चिकटला की पाण्याची वाटच तुंबते. खरी डोकेदुखी ही.

धबधबा एकदा थांबला होता, पण गोठून नव्हे. २९ मार्च १८४८ ला वाऱ्याने ईरी सरोवरातला बर्फ बफेलोजवळ नदीच्या तोंडाशी कोंबला आणि सुमारे तीस तास कडा कोरडा पडला. १९६४ पासून त्या तोंडावर दर हिवाळ्यात तरंगता अडसर लावतात, सुमारे २.७ किलोमीटरचा; पूर्वी लाकडी ओंडक्यांचा, आता पोलादी पिंपांचा. पाणी ४ अंशांवर आलं की, नाहीतर १६ डिसेंबरपासून, तो लावायला सुरुवात होते.

खाली दरीत वाहून आलेले तुकडे एकमेकांना चिकटून ‘बर्फाचा पूल’ होतो. दिसतो भक्कम, पण त्याच्या खालून नदी वाहतच असते. लोक त्यावर हौसेने फिरायचे. ४ फेब्रुवारी १९१२ ला तो फुटला, तिघे गेले. तेव्हापासून त्यावर पाय ठेवायला बंदी आहे.